अख्खा मुलूख भावांचा

आमच्या उदयकंवर बाईसाला नवरा का मिळाला नाही, असं कुणी विचारलं की मी सांगते, पूर्वज फार पराक्रमी होते म्हणून. लोकांना वाटतं, ही भाटियाणी म्हातारपणी चळली. पण खरं कारण तेच आहे.

माझ्या सासरच्या सोढ्यांचा मूळपुरुष या थरच्या वाळवंटात आला आणि त्याच्या वंशानं तलवारीच्या जोरावर अमरकोटापासून पारकरपर्यंत जमीन धरली. जहागिरी मुलांत वाटली गेली, मुलांनी ती नातवांत वाटली. आज कुठल्याही टेकाडावरून हाक मारा, ओ देणारा ठाकूर एकतर काका निघतो, नाहीतर पुतण्या. सोढ्याची मुलगी सोढ्याला चालत नाही, कारण ती दोघं बहीणभाऊ. म्हणून लेकी द्यायच्या त्या जैसलमेर-बाडमेरकडच्या भाटी-राठोडांत आणि सुना आणायच्या त्याही तिथूनच. मीसुद्धा तशीच आले, भाट्यांची लेक, आगगाडीत बसून सरहद्द ओलांडून, हातभर घुंघट ओढून.

बाईसा माझी धाकटी नणंद. नकला करण्यात हुशार. ओसरीवर बसून सगळ्या काकांचं खोकणं एकेक करून दाखवायची आणि मी पदरात तोंड खुपसून हसायची. तिची सोयरीक माझ्या माहेराजवळच जमली होती. तेवढ्यात एकाहत्तरची लढाई झाली आणि सरहद्द बंद झाली. आज उघडेल, उद्या उघडेल करत आम्ही थांबलो. पलीकडच्या मुलानं दुसरीकडे लग्न जमवलं. त्याला तरी का नावं ठेवायची? बाईसाचं वय वाढत गेलं आणि सासूबाई तिचाच घोर घेऊन गेल्या.

या बाजूला सोढे नसलेली घरं मोजकी. त्यांच्यात आधीच लेकींचं देणंघेणं होऊन चुकलेलं. सासरे, म्हणजे आमचे बासा, उंटावरून गावोगाव फिरले. शेवटी कुनरीकडच्या राठोडांचं एक घर सापडलं. मिरचीची शेती, मुलगा पहाडसिंह, वागायला गरीब. एवढं कळल्यावर बाईसाचा चेहराच बदलला.

"भाभीसा, मिरचीवाले म्हणजे तिखट असतील का हो?"

"चाखून बघा आणि मग मला सांगा!"

"बेशरम कुठल्या," म्हणाली आणि लाल होऊन पळाली. त्यानंतर दिवसभर काही ना काही निमित्त काढून ती तोच विषय आणायची. 'कुनरीवाल्यांकडे विहिरीला गोडं पाणी आहे म्हणे.' 'कुनरीवाल्यांना बाजरी आवडत असेल ना?'

साखरपुड्याला त्यांची माणसं आली. पोराला डोळ्यांनी बघायचं असा सासऱ्यांचा हट्ट होता, म्हणून पहाडसिंहही आला. आम्ही बायका जाळीमागे होतो. रिवाजाप्रमाणे आधी मांगणियार गवई गाणार, दोन्ही घराण्यांचा शुभराज, म्हणजे पिढ्यांची थोरवी, म्हणणार, आणि मग पाहुणे सासऱ्यांच्या तळहातावरचं अमल, म्हणजे अफूचं पाणी, घेणार. अमल घेतलं की सोयरीक पक्की.

आमचा पिढीजात गवई मिसरी खाँ त्या दिवशी फारच रंगात आला होता. आमच्या बाजूच्या पिढ्या त्यानं घडाघडा म्हटल्या. मग राठोडांकडे वळला. पाहुण्यांना मान द्यावा, जवळीक दाखवावी, एवढाच त्याचा हेतू.

"खम्मा घणी! कुनरीच्या ठाकुरांनो, हा उंबरा परका समजू नका! तुमच्या खेतसिंहांना मुलगा नव्हता, त्यांनी लेकीचा लेक मांडीवर घेतला. लेक दिली होती कुणाला? सोढ्यांना! त्या दत्तक पोराचे तुम्ही नातू. घरचेच आहात, हुकम, घरचेच!"

तंबाखू ओढणाऱ्यांचे हात तसेच राहिले. मिसरी खाँला आपण काय बोलून बसलो ते कळलं तेव्हा त्यानं स्वतःचा फेटा काढून जमिनीवर टाकला आणि रडायला लागला.

मुलाचे काका म्हणाले, "दत्तक गेला की गोत्र बदलतं, ठाकूरसा. आम्ही राठोडच."

"जमिनीसाठी बदलतं," सासरे म्हणाले. "रक्तासाठी नाही." आणि तळहातावरचं अमल त्यांनी वाटीत परत ओतलं.

मी आतल्या दारानं नवऱ्याला गाठलं. "तीन पिढ्यांपूर्वीची गोष्ट! काय बिघडतं? कोण विचारायला येणार आहे?"

"मिसरी खाँ बोलला म्हणजे अख्ख्या थराला कळलं. आणि बासांनी कानांनी ऐकलंय."

"मग बासांना सांगा, मुलगी म्हातारी होईल!"

"तू आत जा," ते म्हणाले. त्यांचेही डोळे भरले होते, म्हणून मी पुढे बोलले नाही. मला त्या दिवशी त्या सगळ्या घोड्यावर बसलेल्या पूर्वजांचा राग आला. अजूनही आहे.

मुलीचं नाव परक्या पुरुषाशी जोडलं गेलं होतं. उद्या लोक काय काय बोलले असते. म्हाताऱ्यांनी खलबत केलं आणि उपाय काढला: भाऊ निघाला आहे ना, मग आत्ताच्या आत्ता राखी बांधा.

होणाऱ्या नवऱ्यासमोर बाईसा आली नसती. भावासमोर कसला पडदा? तिला बाहेर बोलावलं. डोक्यावर पदर, पण तोंड उघडं. पहाडसिंह खाली बघत होता. तिनं मात्र त्याला नीट पाहून घेतलं. तेवढंच पाहणं तिच्या वाट्याला होतं आणि ती ते सोडणार नव्हती.

त्यानं मनगट पुढे केलं. पुरोहित म्हणाला, "बाईसा, भावाचं नाव घ्या आणि गाठ मारा."

गाठ मारली. नाव घेतलं नाही.

"नाव घ्या, बाईसा."

तिनं ओठ आवळले. सासरे मागून म्हणाले, "घे बेटा, भाऊ आहे तुझा." तरी तिनं तोंड उघडलं नाही. बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. शेवटी पुरोहितानंच ते पुटपुटलं आणि अक्षता टाकल्या.

पहाडसिंहाचं पुढे लग्न झालं, मुलं झाली, आता नातवंडं आहेत. दर राखीला तो न चुकता येतो. बाईसा धाकट्या भावांना, चुलतभावांना, गावातल्या सगळ्यांना नावानं हाका मारते. राखीच्या दिवशी मात्र डोक्यावरचा पदर सारखा करत माझ्या दाराशी येते आणि खाली बघून सांगते, "भाभीसा, चहा टाका. कुनरीवाले आलेत."