एंटर दाबण्याआधी

रामदास वासेकर आमच्या हिंजवडीच्या ऑफिसात अकरा वर्षं सर्व्हर सांभाळतोय. माणूस वर्ध्याचा. बायको रुपाली तिथल्या शाळेत शिक्षिका, म्हणून ती आणि मुलगी पूर्वा तिकडे, आणि हा इकडे वाकडच्या एका खोलीत. दर दुसऱ्या शुक्रवारी ट्रॅव्हल्सनं घरी जायचा आणि सोमवारी तांबारलेल्या डोळ्यांनी पुन्हा खुर्चीत. त्याला घरी राहायचं होतं. एवढं एकच मागणं होतं त्याचं.

शुक्रवारची गाडी चुकू नये म्हणून त्यानं कमांडची एक चीटशीट बनवली. आमचं काम काळ्या स्क्रीनवर कमांड टाइप करण्याचं. शेकडो कमांड, प्रत्येकीची शेपटी वेगळी, एक अक्षर चुकलं की बसा बोंबलत. रामदासच्या शीटमध्ये दोन शब्द टाइप केले की हवी ती कमांड समोर यायची आणि मग तीच आपल्याला विचारायची: कुठला सर्व्हर? किती दिवसांपूर्वीच्या फायली? उत्तरं भरा, एंटर दाबा, झालं. प्रश्न त्यानं स्वतः मराठीत लिहिलेले. धोक्याच्या कमांडआधी तर यायचं, 'बॅकअप घेतला का? खरं सांगा.' अर्ध्या तासाचं काम पाच मिनिटांवर आलं.

पण आम्ही पडलो भित्रे. सगळं भरायचं आणि शेवटी खुर्ची वळवून विचारायचं, "रामदास, दाबू का?" त्यानं मान डोलवली की दाबायचं. तो सुट्टीवर असला तर फोन. ही खोड आम्हाला कधी लागली, देव जाणे.

जानेवारीत त्यानं आमच्या मॅनेजरकडे, आमोद सरांकडे, वर्ध्याहूनच काम करायची परवानगी मागितली. सर म्हणाले, "मार्चमध्ये पंधरा दिवस सुट्टी घे. तेवढ्यात टीमचा एकही फोन तुला आला नाही, तर जा. आला, तर तू इथेच हवास." अहो, वर्ध्यालाही फोन लागतो, हे सरांना सांगणार कोण?

दोन महिने रामदास शीट घासत बसला. जिथे जिथे आम्ही अडायचो, तिथे नवी सूचना. निघताना मला म्हणाला, "सुरुची मॅडम, फक्त पंधरा दिवस सांभाळा जी. पोरीची दहावी आहे. अजून दोन वर्षं घरात आहे ती, मग कुठं शिकायला जाईल कोण जाणे. तेवढी दोन वर्षं मले पाहिजेत."

बाराव्या दिवशी दुपारी जुन्या फायली काढून टाकायचं काम माझ्याकडे आलं. शीटनं विचारलं, मी भरलं. बॅकअप घेतला होता, अगदी खरं. काही म्हणता काही चुकलं नव्हतं. सर मागे उभे होते. एंटरवर बोट ठेवलं, ते तिथेच राहिलं. दुसऱ्या हातानं मी फोन कधी लावला, मलाच कळलं नाही.

"दाबू का?"

पलीकडून रामदास म्हणाला, "दाबा, मॅडम."

फायली गेल्या. सर केबिनमध्ये गेले.

सुट्टी संपवून रामदास परत आला. माफी मागायला मी वाक्यं जुळवून ठेवली होती, ती एका दमात बोलून टाकली. "तुमच्या जागी मीही विचारलंच असतं," तो म्हणाला. त्यानं मला चांगलं झापायला हवं होतं. आजही वाटतं.

"पूर्वा काय म्हणाली?" मी विचारलं.

"आधी मी निघालो की बॅग धरून रडायची. दोन-दोन दिवस जेवायची नाही. या वेळी गाडी लागली तरी मी खालीच उभा, आता रडेल म्हणून." त्यानं चष्मा काढून शर्टाला पुसला. "पोचल्यावर मेसेज करा म्हणाली, आन् सायकलवर बसून क्लासला निघून गेली."