बाजूने नेलेले विमान

उंचावरून पाहिले की माणसाला आपल्या मातीचे खरे मोल कळते, असे आमच्या कॉम्प्युटर क्लासचे सर उद्घाटनाच्या भाषणात म्हणाले. सर तोवर पाण्याच्या टाकीपेक्षा उंच कुठे चढले नव्हते. नव्वदचे दशक संपत आले होते, क्लास बारामतीत होता आणि मी तिथे शिकवत होतो.

उद्घाटन होते एका टोपाचे. सरांनी तो मुंबईहून आणला होता. हेल्मेटसारखा, आत डोळ्यांपुढे दोन छोटे पडदे. तो घालून विमानाचा गेम लावला की मान वळवाल तिकडे आकाश वळायचे. म्हणजे आधी मान वळायची. आकाश सरकारी फायलीसारखे थोड्या वेळाने मागून यायचे.

टोपाला हळदकुंकू लावले, नारळ फोडला. पाहुण्यांना आधी फेटा बांधला आणि मग टोप पुढे केला. फेट्यावर टोप बसेना. सत्काराचा फेटा व्यासपीठावरच उतरवला तर पाहुण्यांचा अपमान, टोप घातला नाही तर सरांचा. शेवटी पाहुण्यांनी तो दोन्ही हातांनी दुर्बिणीसारखा डोळ्यांसमोर धरला. आतले पडदे मी अजून सुरू केले नव्हते.

"छान दिसतंय," पाहुणे म्हणाले. टाळ्या झाल्या.

हे मी घरी, वरकुट्याला, हसत सांगितले. वडील हसले नाहीत. त्यांना आम्ही तात्या म्हणायचो.

"त्या इमानातनं आपलं गाव दिसंल का?"

"वरकुटं?"

"वरकुटं बघाया इमान कशाला लागतंय? जुनं गाव."

जुने गाव धरणाच्या पाण्याखाली आहे. गाव उठून वरकुट्याला येताना लोकांनी देव नेले, चौकटी नेल्या, पत्रे नेले. तात्यांची आई नदीकाठी पुरलेली होती. आमच्या लोकांत तेव्हा पुरायची पद्धत होती. वर दगडही नव्हता, एका बाभळीच्या खुणेने जागा ओळखायची. पावसाळ्यात साखर कारखान्याची यंत्रे खोलून दुरुस्त करतात, त्या कामावर तात्या होते. रजा मिळून गावी पोचेपर्यंत पाणी चढले होते. उन्हाळ्यात पाणी उतरले की जुन्या देवळाचा कळस वर येतो, लोक होडीने बघायला जातात. नदीकाठ वर येत नाही. आईला सांगायचे राहिले, एवढेच तात्या म्हणत. काय सांगायचे होते, ते कधी बोलले नाहीत.

गेममध्ये अक्षांश-रेखांश टाकले की विमान त्या जागी जायचे. ते मी शाळेच्या नकाशावर पट्टी ठेवून काढले. त्या नकाशावर पट्टी जराशी सरकली की माणूस तालुका बदलतो. हे मला माहीत होते. तात्यांना सांगितले नाही.

रविवारी ते धुतलेला सदरा घालून एसटीने आले. क्लासमध्ये खुर्चीवर बसून टोपी काढून मांडीवर ठेवली, आणि मी त्यांच्या डोक्यावर टोप बसवला. जॉयस्टिक माझ्या हातात होती.

"काय दिसतंय, तात्या?"

"हिरवं. नुसतं हिरवं."

गेम अमेरिकेत केलेला होता. तिथल्या शहरांत इमारती होत्या, पूल होते. उरलेल्या बहुतेक पृथ्वीला त्यांनी एकाच हिरव्या रंगाचा हात मारला होता.

"पानी कुठं गेलं?"

"पानी न्हाय. यात धरणच न्हाय."

"बांधलंच न्हाय?"

"न्हाय."

ते मान हळूहळू फिरवू लागले. "पाटलाचा वाडा?"

"तोबी न्हाय."

"आन आपली वस्ती?"

"तीबी न्हाय."

"बेस केलं. एकदाचं समद्यांला एका पातळीत आनलं." मग म्हणाले, "आय कुठं हाय?"

"समोरच. सरळ गेलं की खाली येईल."

मी विमान पुढे काढले. तात्यांनी माझे मनगट पकडले.

"आरं, वळीव! डोक्यावरनं नेतोस व्हय? आज्जी हाय ती तुजी. निजल्याल्या मानसाला वलांडत्यात का?"

निजलेल्याला ओलांडू नये, हे आमच्या घरात मूल चालायला लागले की शिकवतात. हजार फुटांवरूनही ते लागू होते, हे मला त्या दिवशी कळले.

"बाजूनं घे."

मी विमान डावीकडे कलते केले. जागा डाव्या हाताला ठेवून ते गोल फिरू लागले.

"ठेव असंच," तात्या म्हणाले. मान डावीकडे, खाली. "हीच जागा नव्हं?"

पट्टीची गोष्ट सांगायची तर तीच वेळ होती.

"व्हय," मी म्हणालो.

थाटामाटातल्या खोटेपणाला मी आयुष्यभर हसत आलो आहे. पाहुण्यांनी बंद पडद्यात बघून म्हटलेले 'छान' आणि माझे ते 'व्हय', यांत फरक होता असे मला वाटते. तो नेमका कोणता, हे अजून मांडता आलेले नाही.

तात्या बोलू लागले. हळू, एकसारखे, मधेच थांबून, जणू पलीकडून उत्तर येत होते. शब्द मला कळत नव्हते, आणि कळू नयेत म्हणून मी की-बोर्डाच्या अक्षरांकडे बघत राहिलो. दाराशी पुढच्या बॅचची मुले जमली. सर आत आले, तात्यांकडे पाहिले, आणि मुलांना घेऊन बाहेर गेले. विमान फिरतच होते.

"बास," शेवटी तात्या म्हणाले. "झालं सांगून."

मी टोप उतरवला. डोळे लाल झाले होते, चेहरा पांढरा पडला होता. त्यांनी टोपी नीट घातली, उठले, चौकटीला धरून बाहेर पडले, आणि रस्त्यापलीकडे गटाराच्या कडेला बसून दुपारचे सगळे जेवण ओकले.

दुसऱ्या दिवशी सरांनी क्लासच्या दारावर पाटी लावली : जेवून आलेल्यांना विमानात बसवले जाणार नाही.