वर गेलेले हात

रात्री दहानंतर खाण्याच्या गाड्या बंद, असा ठराव नगरपालिकेत आला आणि हात वर झाले. त्यात आमच्या प्रभागाच्या नगरसेवकाचा, भाऊंचा हातही होता. माझ्या भुर्जीच्या गाडीचा खरा धंदा दहानंतरच सुरू होतो. तिथे हाच हात लांबून असाच वर होतो आणि मी काही न विचारता तव्यावर पाव टाकतो. भुकेला उठणारा हात आणि मताला उठणारा हात इतके सारखे दिसतात, याचाच मला संताप आला.

सभा संपल्यावर बाहेर भाऊ मला म्हणाले, "चिडू नका शेठ, नियम सगळ्यांना सारखा."

"मग आज रात्री बारा वाजता कुणापुढे हात वर करणार, भाऊ?"

माझ्या खांद्यावर ठेवायला त्यांनी हात उचलला. मी मागे सरकलो. हात तसाच वर राहिला.