ओदार्काची चाळण

शाळेच्या मोठ्या खोलीत बायका जुन्या कपड्यांच्या चिंध्या करून रणगाडे झाकायच्या जाळ्या विणत बसायच्या. हात जाळीत आणि तोंड लढाईत. कुठलं गाव पडलं, कुठलं सावरलं, हे आधी इथं कळायचं. आणि त्यातलं खरं किती, हे ओदार्का ठरवायची.

तिला कुणी नेमलं नव्हतं. जेमतेम शिकलेली, जन्म गाईंच्या धारा काढण्यात गेलेला. पण तिच्याकडे चाळण होती. ती म्हणायची, "आकडा सांगणाऱ्याचं ऐकूच नका. गोळ्या सुटल्यावर मोजत कोण बसतं? बातमीत खाणंपिणं असेल, एखादं जनावर असेल, तर ती खरी. खोटं बोलणारा एवढी तसदी घेत नाही. आणि तीच बातमी तीन तोंडांनी आली, तर मग शंकाच नको." बायका माना डोलवायच्या. ओदार्कालाही स्वतःचं बोलणं ऐकायला फार आवडायचं.

मग एक दिवस बातमी आली, की नदीवरचा पूल उडाला आणि आपली पोरं पलीकडेच अडकली. त्या तुकडीत तिचा नातू नाझार होता आणि शेजारीण मेलान्याचा पोरगा ओस्तापही. नाझार रोज सकाळी फोनवर नुसतं अधिकाचं चिन्ह पाठवायचा. म्हणजे, आजी, मी जिवंत आहे. आता फोन मुका झाला होता.

मेलान्यानं जेवण सोडलं. ओदार्काला ते बघवेना.

"अगं, आली पोरं अलीकडे," ती एकदाची म्हणाली. "एका म्हातारीनं त्यांना चेरीचं सारण भरलेल्या वारेनिकी उकडून घातल्या. तिच्या एकशिंगी शेळीनं एकाचा हातमोजा खाल्ला म्हणे."

"कुणी सांगितलं तुला?"

"आहे एक माणूस."

मेलान्यानं बशीभर सूप घेतलं. ओदार्का घरी येऊन पुन्हा फोनकडे बघत बसली.

आठवडा उलटायच्या आत टपाल वाटणारी ल्युबा सायकलवरूनच ओरडली, "आजी, पोरं सुटली. कुणीतरी वारेनिकी घातल्या त्यांना." दुपारी बसचा ड्रायव्हर तेच म्हणाला. संध्याकाळी पाद्रीबाई हातमोज्यासकट सगळं सांगून गेल्या. खाणं होतं, जनावर होतं, तीन तोंडं होती. बातमी निघाली कुठून, हे तिच्या मनातही आलं नाही. ओदार्का ओट्याला टेकून रडली, मग डोळे पुसून तिनं पीठ मळायला घेतलं. नाझार येईल तेव्हा येईल, वारेनिकी आजच करायच्या.

पाणी आणायला ती अंगणात गेली. कुंपणापाशी तिची शेळी उभी होती. एकच शिंग, आणि तोंडात कुणाचा तरी पायमोजा.

ओदार्का बादली खाली ठेवून तिथंच बसली. लोकांच्या थापा चाळणारी बाई, स्वतःच्या थापेवर पोटभर रडली होती. थाप चाळणीतून आरामात पार झाली, कारण घडवली होती चाळणीच्याच मापानं.

ती तशीच पिठाच्या हातांनी मेलान्याकडे गेली. "ते सगळं मी रचलं होतं गं."

"ठाऊक आहे," मेलान्या म्हणाली. "तुझी शेळी मी ओळखत नाही का? माझा निम्मा कोबी तिच्याच पोटात गेलाय."

"मग बोलली का नाहीस?"

"बरं वाटत होतं ऐकायला. चल आता, पीठ वाळेल."

दोघी ओदार्काच्या घरी वारेनिकी भरायला बसल्या. फोन मिठाच्या बरणीला टेकवून ठेवलेला. पाणी उकळायच्या बेतात असताना तो गुरगुरला. अधिकाचं चिन्ह होतं. एकाला लागून दुसरं.

"दुसरं कुणाचं?" मेलान्यानं विचारलं.

एरवी ओदार्कानं लगेच निकाल दिला असता. आज तिनं पिठानं माखलेल्या बोटानं नातवालाच विचारलं, दुसरं कुणाचं?

पाणी उतू गेलं, तरी कुणी उठलं नाही. मग उत्तर आलं. "ओस्तापचं. त्याचा फोन फुटलाय."

दुसऱ्या दिवशी ओदार्कानं जाळीपाशी दोन चिन्हांची बातमी सांगितली.

"एवढंच?" ल्युबा म्हणाली. "आणि वारेनिकी? शेळी? तूच तर सांगतेस आजी, जनावर नसेल तर बातमी कच्ची."

"शेळी बरी आहे," ओदार्का म्हणाली आणि जाळीत मान घातली.