अक्काच्या ताटात किती घालायचे

आमच्या घराण्यात हिशेबात हुशार म्हणून एकच माणूस प्रसिद्ध आहे आणि तो मी. चिंचोळी एमआयडीसीतल्या एका कारखान्याचे हिशेब मी लिहितो. तिथला ताळेबंद दरवर्षी पैशापैशाला जुळतो, तेव्हा ह्याच्या घरचाही जुळत असणार, असं नातेवाइकांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. कुणाची मुदत ठेव, कुणाचा विमा, कुणाचे ट्रॅक्टरचे हप्ते, सगळं मला विचारून चालायचं. मीही चष्मा पुसत सल्ले द्यायचो. तेव्हा माझ्या स्वतःच्या डोक्यावर चार ठिकाणचं देणं होतं.

कर्जाला कारणही काही थोर नव्हतं. शेजाऱ्याने नवी मोटार घेतली म्हणून मी जुनी घेतली, एवढंच. तिचे हप्ते जड जायला लागले तेव्हा क्रेडिट कार्ड घेतलं. कार्ड फेडायला पतसंस्थेचं कर्ज काढलं आणि पतसंस्थेला गप्प करायला मोबाइलवरच्या एका ॲपवरून पैसे उचलले. त्या ॲपने ओळखीच्या एका माणसाचा नंबर मागितला. मी अक्काचा दिला. अकलेचे एवढे तारे एका वेळी मी पुन्हा कधी तोडले नाहीत.

अक्का माझी थोरली बहीण. सोलापुरातच दोन पेठा पलीकडे राहते, घरी कडक भाकरी आणि शेंगाचटणी करून विकते. आई लवकर गेली, त्यामुळे मला वाढवलं तिनेच आणि बडवलंही तिनेच. जगाने मला हिशेबी म्हणणं सोडलं असतं तर मी दोन दिवस हळहळलो असतो. अक्काने सोडलं असतं तर मात्र मला सहन झालं नसतं.

ती भीती मी दर भाऊबीजेला ताटात पैसे घालून दाबत होतो. पगारवाढ झाली त्या वर्षी हजार घातले. पुढच्या वर्षी अक्काने माझ्या बायकोला भारीतली साडी नेसवली, म्हणून दोन घातले. मोटार आली त्या वर्षी पाच, कारण मोटारीतून उतरून दोन हजार घालणं बरं दिसेना. नंतर तिने माझ्या लेकीला चांदीचे पैंजण केले, तेव्हा मी सातावर गेलो. तिचा भाकरीचा धंदा जोरात आहे, असं मी घरी कौतुकाने सांगायचो. कर्जात बुडाल्यावर तरी हात आखडावा, तर अक्का लगेच विचारणार, काय झालं? म्हणून गेल्या वर्षीची ओवाळणी चक्क ॲपच्या पैशातून गेली. बहिणीला घालायला व्याजाने पैसे काढणारा हिशेबनीस जिल्ह्यात दुसरा नसावा.

यंदा दिवाळीच्या महिनाभर आधी ॲपचा हप्ता चुकला. वसुलीच्या बाईने फार गोड आवाजात सांगितलं, "सर, सोमवारपर्यंत भरा, नाहीतर तुम्ही दिलेल्या नंबरवर बोलावं लागेल." तिच्या आधी आपणच बोललेलं बरं, म्हणून रविवारी सकाळी मी अक्काकडे चालत गेलो. मोटार होती, पेट्रोल नव्हतं.

दारातच दाजींनी धरलं. त्यांना पोरासाठी मोटारसायकल घ्यायची होती, हप्त्यावर. "तुमीच सांगा, घ्यावी का?" झालं, माझ्या अंगात आलं. अंथरूण पाहून पाय पसरावेत, कर्ज काढून हौस करणाऱ्याची मला कीव येते, असं मी चांगलं पंधरा मिनिटं बोललो. मध्येच फोन वाजला. गोड आवाजाची बाई. मी कापला.

"कुनाचा?" दाजी म्हणाले.

"ऑफिसचा."

"रविवारी बी सोडत न्हाईत बगा हुशार मानसाला," असं म्हणून दाजी भारावून बाहेर पडले.

आत अक्का उखळात चटणी कुटत होती. मी पाटावर बसलो. मला एक युक्ती सुचली. मुसळ खाली येईल तेव्हा बोलायचं, म्हणजे सांगितल्यासारखंही होईल आणि तिला फारसं ऐकूही जाणार नाही. "अक्का, माझ्यावर जरा कर्ज झालंय," मी म्हणालो आणि नेमकं तेव्हाच मुसळ हवेत थांबलं.

"किती?"

"लाखभर."

ती नुसती बघत राहिली. लहानपणी खिशात बोरं लपवल्यावर बघायची तशी.

"म्हणजे दोन," मी म्हणालो.

"खरं सांग की."

"सव्वातीन. व्याज सोडून."

मुसळ दाणकन उखळात आलं. मी पाय मागे घेतले. "आन् गेल्या भाऊबीजेला सात हजार घातलंस ते कशातलं?"

"त्यातलंच."

मला वाटलं आता थोबाडीत बसणार. अक्का उठली, हात पुसले आणि डब्यांच्या मागून बचत गटाचं पुस्तक काढून माझ्या मांडीवर टाकलं. म्हणाली, "बग, हिशेबी हायस न्हवं तू." मी बघितलं. तिच्या नावावर तीस हजारांचं कर्ज होतं आणि निम्मेच हप्ते भरलेले होते.

"हे कशाला काढलंस?"

"कशाला म्हंजी? भाऊ हजारानं घालतोय, त्याच्या बायकूला साधं लुगडं नेसवू? पैंजण काय भाकरीतनं निगालं व्हय रं?"

तीन वर्षं आम्ही बहीणभाऊ एकमेकांना कर्ज काढून थाट दाखवत होतो. आधी ती हसली, मग मी. हसता हसता तिने डोळ्याला पदर लावला तेव्हा मला स्वतःची खरोखर लाज वाटली. पुन्हा फोन वाजला. अक्काने तो माझ्या हातातून ओढून घेतला.

"मी त्याची थोरली भन बोलती. मोटार इकून पैसं देतोय त्यो. धा दिस थांब, बाई. इस्वास नसंल तर घरला ये, जेवून जा."

बाई थांबली. जेवायला मात्र आली नाही.

मोटार गेली, ॲप मिटलं. दाजींना सगळं मीच सांगायचं अशी अक्काची अट होती. तेही केलं. दाजी म्हणाले, "पर त्या दिवशी बोललात लई झ्याक." बाकीची देणी अजून आहेत.

भाऊबीजेला अक्काचा हुकूम होता, उसनं काढायचं नाही, पगारातून उरेल तेवढंच घालायचं. दिवाळी आणि सगळे हप्ते भागवून मी हिशेब केला आणि ओवाळणीचं पाकीट विकत न घेताच निघालो. अक्काकडे तिची सासू, जाऊ, जावेच्या माहेरची माणसं, सगळं घर भरलेलं. मी पाटावर बसलो तर कान तापलेले. अक्काने ओवाळलं. मी खिशात हात घातला आणि पन्नासाची नोट आणि वर एक रुपया ताटात ठेवला. रुपयाचा आवाज जरा जास्तच झाला. मला वाटलं, उठावं आणि सरळ घर गाठावं.

जावेने मान पुढे करून ताटात बघितलं. "औंदा यवढंच व्हय गं भावाचं?"

अक्काने नोट उचलून कपाळाला लावली आणि कमरेला खोचली.

"व्हय, यवढंच," ती म्हणाली. "पर त्याचं सोत्ताचं हाय."