सिमेंटचे सारस आणि आमच्या छतावरचं गिधाड

रायपूर नवंनवं राजधानी झालं आणि आमच्या सरकारी ऑफिसले सारसाचं खूळ लागलं. एका चौकात सिमेंटची सारसजोडी बसवायची होती. कारागिरानं ते राखाडी पाखरू पांढरंफेक रंगवलं, तरी साहेब खूश! "नवरा-बायकोचं प्रेम शिकावं तर सारसापासून," म्हणे. सारस धोक्यात आहे हे खरंच, आमच्या राज्यात सरगुजाकडे मोजकेच उरले. पण गिधाडं तर पार संपत आलेली. गुरांना दिलेलं दुखण्याचं इंजेक्शन मेलेल्या गुरांतून त्यांच्या पोटात जाऊन त्यांचा जीव घ्यायचं. हे मी साहेबांना सांगितलं, तर त्यांनी नाक मुरडलं. "जेवायच्या वेळी काय घाण बोलून राहिल्या, मॅडम!"

त्याच आठवड्यात शंकर नगरात आमच्या छतावर एक गिधाड उतरलं. पाण्याच्या टाकीजवळ मान टाकून बसलं. गिधाड घरावर बसलं की आमच्यात घराची शांती करतात. सासूबाईंनी तोंडाले पदर लावला. "काहून आलं व हे मेलं आपल्याच घरावर!"

"आजारी आहे, आई. हात नका लावू. मी गाडी मागवते, जनावरांच्या दवाखान्यात नेऊ."

ऑफिसले फोन केला. गाडी भनपुरीच्या कारखान्यातून सारस आणायले गेली होती, येताना आमच्याकडे येईल म्हणाले. मी छतावर परतले तर खोकलाच सुटला. सासूबाई अन् शेजारच्या दीदींनी घमेल्यातल्या निखाऱ्यावर मिरच्या-मोहरी टाकून त्याच्या तोंडापुढं धूर केला होता. पंख उघडायची ताकद नव्हती बिचाऱ्यात. नुसतं मान हलवून राहिलं होतं. मी घमेलं लाथेनं उडवलं. शी! मले माणसांचीच किळस आली.

दुपारी गाडी आली. मागं गादी अंथरून, हार घालून दोन्ही सारस निजवलेले. मी गिधाडाले जुन्या चादरीत गुंडाळून खाली आणलं. ड्रायव्हर दोन पावलं मागं सरला.

"नहीं दीदी. पूजा की चीज़ है. इसके साथ ये नहीं जाएगा."

"अरे भैया, ये ज़िंदा है!"

"साहब गुस्सा होंगे," म्हणत त्यानं गाडी सुरू केली.

मी गिधाडाले घेऊन परत वर गेले, टाकीच्या सावलीत बसले. पाणी पाजायले गेले, तर चोच उघडेना. खाली गुरुजी आले होते. सासूबाई जिन्यातून हाका मारून राहिल्या होत्या, "ये व, तुमची नवरा-बायकोची जोडी पूजेले बसल्याबिगर शांती होत नाही!" माझ्या मांडीवर त्याची मान एकदा हलली, मग नाही. खालून शिऱ्याचा वास येत होता.