मिसळणाच्या डब्यातला भंडारा

मालकीणबाईंनी मिसळणाच्या डब्यातली हळद चमच्यानं एका ताटलीत काढली आणि माझ्या बापापुढं ठेवली. हळदीत मोहरीचे दाणे पडलेले दिसत होते.

"उचला," मालक म्हणाले.

माझा बाप साताऱ्यातल्या त्या बंगल्याच्या व्हरांड्यात फरशीवर बसला होता. शेजारी मी. समोर वेताच्या खुर्च्या. एकीवर मालक. त्यांच्या एमआयडीसीतल्या वर्कशॉपमध्ये मी डाय, म्हणजे पत्र्याचे भाग पाडायचे पोलादी साचे, बनवायचो. दुसरीवर त्यांचे मेव्हणे, कॅनडातून सुट्टीला आलेले. आणखी एक खुर्ची रिकामी होती. तिच्यावर बसा असं आम्हांला कुणी म्हणालं नाही.

"बिरोबाचा भंडारा उचला आन् सांगा, पोरगं मेव्हण्यांचं काम सोडणार न्हाई. ते सोड म्हणतील तवाच सोडंल. एवढं केलं की नोकरीचं पत्र तुमचं," मालकांनी पुढं सांगितलं.

ती हळद कुठून आली ते आबांना, माझ्या बापाला, दिसलं होतं. स्वयंपाकघराचं दार उघडंच होतं. तरी त्यांनी उजवा हात धोतराला पुसला.

आम्ही आटपाडीकडचे धनगर. पावसानं पाठ फिरवलेला मुलूख. आमच्यात भंडारा उचलून दिलेला शब्द म्हणजे संपलं. कोर्टाचा कागद फिरतो, पंचांचा निवाडा फिरतो, भंडारा फिरत नाही. माझ्या चुलत्यानं एकदा शेतात मेंढरं बसवण्याच्या भांडणात भंडारा उचलला होता, त्या गावच्या शिवेत पाय ठेवणार नाही म्हणून. पुढं त्याची लेक त्याच गावात दिली. ती बाळंतपणात गेली तेव्हा चुलता शिवेबाहेर बाभळीखाली बसून राहिला. आत गेला नाही. लोक म्हणाले, जा, देव समजून घेईल. तो म्हणाला, देव घेईल, मी न्हाई घेणार.

भंडारा आम्हांला किती बांधतो हे मालकांना कसं कळलं? मीच कळवलं. म्हणजे माझ्याकडून काढून घेतलं.

आमच्या वर्कशॉपमधून एकदा तांब्याची कांब चोरीला गेली. सगळ्या कामगारांना विचारलं. "मी घेतली नाही" एवढं म्हटलं की बाकीच्यांना सोडलं. माझी पाळी आली तेव्हा मालक म्हणाले, "तुझं तसं न्हाई. तू धनगर. भंडारा उचल." सगळ्यांसमोर. मी सांगलीला आयटीआय केलेलं, डायच्या कामात हात बसलेला, आणि मला एकट्याला देवाची शपथ. बाकीच्यांचा शब्द चालतो, माझा चालत नाही. माझ्या डब्यात बिरोबाच्या यात्रेतली भंडाऱ्याची पुडी असायची. ती उघडली. चपला काढून भंडारा उचलला. चोरी केली नव्हती, तरी डोळे मिटून बिरोबाची माफी मागितली. मालक ते बघत राहिले. कांब पुढं भंगाराच्या ढिगात सापडली. माझ्याकडं येऊन कुणी चकार शब्द काढला नाही. पण आमची चावी कुठं असते ते त्या दिवशी मालकांना सापडलं.

मेव्हण्यांचं टोरांटोजवळ स्वतःचं मशीन शॉप. आदल्या खेपेला ते वर्कशॉपमध्ये आले होते. माझी एक डाय त्यांनी उलटीपालटी करून बघितली आणि विचारलं, "कॅनडाला यायचं का?" मला वाटलं थट्टा आहे. थट्टा नव्हती. त्यांनीच समजावलं. तिकडं कायम राहायला जायचा अर्ज करायचा तर गुण मोजतात. शिक्षणाचे, अनुभवाचे, वयाचे, भाषेचे. डाय बनवणाऱ्याला तिकडं मागणी आहे, त्याचेही. माझं इंग्रजी ड्रॉइंग वाचण्यापुरतं, तिथं माझे गुण कमी पडत होते. पण तिकडच्या एखाद्या मालकानं नोकरी देऊ केली आणि तिथल्या सरकारी रोजगार कार्यालयानं ती मंजूर केली, तर त्याचे दहा गुण वेगळे. दहा गुणांत माझी तूट भरून निघत होती.

सरळ सांगतो, मला जायचं होतं. फार जायचं होतं. इथं कितीही चांगली डाय केली तरी मालक पाहुण्यांना सांगायचे, "आमचं धनगराचं पोरगं हाय, पण हात चांगला." त्या 'पण'चा मला वीट आला होता. जिथं धनगर म्हणजे काय हे कुणाला माहीत नाही अशा गावात मला एकदा कामाला उभं राहायचं होतं.

तरी मनात शंका होतीच. जो मालक माझ्या बहिणीच्या लग्नाला एक दिवसाची रजा देताना कुरकुरला, तो आपला डाय बनवणारा माणूस हसत हसत मेव्हण्याला देतो? पाणी कुठंतरी मुरत होतं.

मी दिल्लीहून अर्जाचं माहितीपुस्तक मागवलं. खोलीवर डिक्शनरी घेऊन बसायचो. हळूहळू कळत गेलं. नोकरीच्या पत्रानं गुण मिळतात, अर्ज पुढं सरकतो. पण एकदा कायमचा रहिवासी म्हणून तिथं उतरलं की माणूस त्या मालकाला बांधलेला नसतो. पटलं तर राहा, नाही पटलं तर दुसरीकडं जा. ते वाचलं आणि मी पुस्तक मिटलं. आनंद व्हायला पाहिजे होता. झाला नाही. कारण मला जे डिक्शनरी घेऊन कळलं ते मेव्हण्यांना कधीचंच माहीत असणार. मग ते मला कशानं बांधणार आहेत?

मला त्यांना फसवायचं नव्हतं. पत्र घेऊन विमानतळावरून पळून जाण्यातला मी नाही. चार वर्षं इमानानं काम केलंच असतं. पण इमान आपणहून देणं वेगळं आणि ते आधीच गहाण ठेवून घेणं वेगळं.

ह्या खेपेला मेव्हणे आले तेव्हा मी पगाराचं विचारलं. ते म्हणाले, "पत्रात एक आकडा लिहावा लागतो. तो सरकारला दाखवायला. तुझं-माझं आपण तिथं गेल्यावर बघू. राहायला माझं बेसमेंट आहेच."

"बघू म्हंजे काय?" मी विचारलं.

"अरे, इतका संशय घेऊन परदेशात कसं चालेल?"

मग मालकांनी निरोप दिला. रविवारी बापाला घेऊन बंगल्यावर ये. जेवायलाच या. मोठ्या माणसाचा आशीर्वाद असावा. ताकाला जाऊन भांडं लपवायची ही रीत मला ठाऊक होती. तरी मी आबांना बोलावलं. दहा गुण होते ना.

आबा आटपाडीहून एसटीनं आले. खांद्यावर नवी घोंगडी. मालकांना द्यायला आईनं दिलेली. बंगल्यावर मालकीणबाईंनी ती दोन बोटांनी धरली आणि गाडीच्या शेडमध्ये ठेवायला सांगितली. वास येतो म्हणाल्या. आबांनी ते ऐकलं आणि हसले. आपल्या बापाला असं हसताना बघू नये कुणी. जेवण व्हरांड्यातच झालं. आमची पानं उचलल्यावर हळदीची ताटली आली.

तर आबांनी हात पुसला. तो हात पुढं निघाला.

मला त्या क्षणी चुलता दिसला, बाभळीखाली बसलेला. आबांनी शब्द दिला असता तर मी तो पाळला असता. मेव्हण्यांनी निम्मा पगार दिला असता तरी, बेसमेंटमध्ये म्हातारा झालो असतो तरी. तिकडच्या कायद्यानं मोकळं केलेला माणूस बापाच्या मुठीतल्या हळदीनं बांधला गेला असता. मालकांचा हिशेब अगदी बरोबर होता. आमच्या देवावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. आमचा आहे, यावर मात्र पुरता होता.

मी आबांचं मनगट धरलं.

"थांबा आबा." मग मालकांकडं बघितलं. "आधी मेव्हण्यांनी उचलावा. पत्रात लिवतील तेवढा पगार देतील म्हणून. तेवढंच सांगावं. मग आमी उचलतो."

मेव्हण्यांनी मालकांकडं पाहिलं. मालक आधी हसले. मग त्यांचं हसू गेलं.

"त्यांनी? ते काय धनगर हायेत व्हय रं?"

एवढंच. त्या एका वाक्यात सगळं आलं. शब्द द्यायची जात आमची, शब्द घ्यायची त्यांची. कांब चोरीला गेली तेव्हाही हेच होतं. मला ते तेव्हाच कळायला हवं होतं. ओरडावंसं वाटलं. ओरडलो नाही. ताटली उचलली आणि दारात उभ्या असलेल्या मालकीणबाईंच्या हातात दिली.

"ही आमटीत घाला," म्हणालो.

मालक उठून उभे राहिले. उद्यापासून कामावर येऊ नको म्हणाले. मेव्हणे मात्र शांत होते. खुर्चीतूनच म्हणाले, "पत्राशिवाय तुझा अर्ज कोण बघणार आहे? विचार कर. तुझ्यासारखे इथं पुष्कळ पडलेत."

"मग त्यांस्नी बोलवा," मी म्हणालो. गाडीच्या शेडमधून घोंगडी उचलली, झटकली आणि आबांच्या खांद्यावर टाकली.

आम्ही चालत स्टँडवर आलो. आटपाडीची गाडी लागली नव्हती. बाकावर बसल्यावर आबा म्हणाले, "मी उचलला असता."

"ठाव हाय."

"तुझं भलं व्हईल वाटलं. हळद कंची हाय ते बघितलं न्हाई मी. मनात भंडाराच धरला हुता."

मला रडू आलं. लाज मालकांना वाटायला हवी होती, आणि ती आबांच्या तोंडावर होती. मी म्हणालो, "आबा, तुमी उचलला असता तर मी पाळला असता. त्येंला त्येच पायजे हुतं."

ते घोंगडीच्या दशा चाळवू लागले. मग विचारलं, "मग आता जाणार न्हाईस?"

"जाणार. पर त्येंच्या पत्रावर न्हाई."

"गुण कमी पडत्यात म्हणला हुतास."

"पडत्यात."

आबांनी घोंगडी खांद्यावर सारखी केली. गाडी लागली तेव्हा एवढंच म्हणाले, "आईला घोंगडीचं सांगू नगंस."

मी सातारा सोडला. सांगलीत एका लहान वर्कशॉपमध्ये लागलो. कमी पगार, पण इथं कुणी शपथ मागत नाही. सुटी झाली की इंग्रजीच्या क्लासला जातो. वर्गात कॉलेजची पोरं असतात, मला काका म्हणतात. म्हणू देत. नवे मालक परवा म्हणाले, माझे एक ओळखीचे आहेत तिकडं, शब्द टाकू का तुझ्यासाठी? मनानं चांगले असतील. मी विचारलं, बदल्यात काय? त्यांना राग आला. येऊ दे. हा प्रश्न मी आता कुणालाही विचारणार, देवमाणसालाही.

अर्ज दिल्लीला पाठवला आहे. नोकरी ठरली आहे का, या प्रश्नापुढं माझ्या हातानं 'नाही' लिहिलं. दहा गुण गेले. बहुतेक नकारच येईल, हे मला कळतं. आला तर भाषेचे गुण वाढवीन, अनुभवाचे वाढतीलच, आणि पुन्हा भरीन. त्यालाही नकार आला तर पुन्हा. माझ्या हातातल्या कामावर दार उघडलं तर जाईन. नाही उघडलं तर इथंच डाय करीन आणि मजुरी ठणकावून घेईन. पण माझी किंमत म्हणून माझ्या बापाचा हात कुणाच्या व्हरांड्यात पुढं होणार नाही. मी होऊ देणार नाही.